सत्तर डेसिबल

गावाचं नाव लिहिताना लिओमिन्स्टर,
म्हणताना लेम्स्टर.
मधली अक्षरं नुसती बसून असतात
खुडूक कोंबडीसारखी.

आमच्या परसात गप्प बसणारं कुणी नाही.
म्हणजे आहे एक, तिच्याकडे मागाहून येते.

आधी लेगहॉर्न. पांढरी, सडसडीत,
वर्षाला अडीचशेच्या वर अंडी
आणि हाताला एकदाही नाही.
मी दिसले की कुंपणावर, तिथून शेडवर,
जणू वसुलीला आलेय.
तिचं नाव वीज.

ऑर्पिंग्टनचं नाव तक्क्या.
हळदीचा रंग. मांडीवर घेतली
तर बातम्या संपेपर्यंत हलत नाही.
आवाज म्हणाल तर झोपेत कुणी कूस बदलावी एवढाच.
पण मे लागला की खुडूक:
रिकामं गवत उबवत तीन-तीन आठवडे,
उठवायला जावं तर फुगून दुप्पट होते
आणि अशी बघते
की मीच दार लोटून परत फिरते.

लाइट ससेक्स. आठवड्याला चार, बदामी.
घालते, उठते, मान झटकते, माती उकरायला जाते.
तिला नाव ठेवायचं राहूनच गेलं.
नाव ठेवावं असं काही करतच नाही.

आणि ही लेगबार.
डोक्यावर तुरा, चाल वरमाईची.
अंडं निळं, धुऊन धुऊन विटलेल्या
शाळेच्या शर्टाचं निळं.
अकराला घालते
आणि पुढची वीस मिनिटं गल्लीला सांगते.

शेजारच्या ग्लेनिसबाईंची पहिली चिठ्ठी मार्चात आली.
चूक माझीच.
फेब्रुवारीत त्यांच्या डाव्या कानात यंत्र बसवलं
ते मीच, दवाखान्यात, माझ्या हातानं.
“आता सगळं ऐकू येईल,” असंही म्हणाले होते.

दवाखान्याचं मीटर घरी आणून मोजलं.
कुंपणापाशी सत्तर डेसिबल.
आमच्या जेवणावरच्या गप्पांहून जास्त,
भांडणाहून कमी.
आकडा कागदावर लिहून दिला.
बाईंनी तो घडी करून खिडकीच्या फटीत बसवला,
वारा येत होता म्हणे.

मग तह झाला: आठवड्याला सहा अंडी,
त्यात दोन निळी.
बोंब तिची, भरपाई चौघींची.
उन्हाळाभर निभलं.

ऑक्टोबरात पिसं झडली. निळं बंद झालं.
मग पांढरं, मग हळदीबाईचं,
डिसेंबरात ससेक्ससुद्धा थकली.
कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात,
इथं कोंबडा ठेवायची परवानगीच नाही
आणि तांबडं आठ वाजून गेल्यावर फुटतं,
फुटलंच तर.

पण अकराला बोंब चालूच.
एकदा चपलांत बर्फ घेत जाऊन बघितलं.
खोक्यात चिनी मातीचं अंडं,
त्यांना आठवण राहावी म्हणून मीच ठेवलेलं.
त्याच्याशेजारी ती, तुरा उभारून,
अख्ख्या हेरफर्डशरला कळवत होती.

आता बाईंना काय सांगू?
सुपरमार्केटातून सहा आणली.
प्रत्येकावर लाल सिंहाचा शिक्का.
व्हिनेगरात बोळा बुडवून
ओट्याशी उभी राहून घासत बसले
चोरीचं भांडं घासावं तशी.
“ससेक्सची आहेत,” म्हटलं दारात.
बाईंनी डबा कानाशी धरून हलवला,
का कोण जाणे.

गुरुवारी डबा परत, पायरीवर.
आत चिठ्ठी, तिरक्या अक्षरात:
चव चांगली होती.
पाचव्यावर शेपूट राहिली आहे.
कुठली जात म्हणालीस?